आजचा अनोळखी माणूस

सुश्रुत गुडघ्यांवर बसून केविनने केलेलं तळं किचन रोलने टिपत होता, तेवढ्यात रिसेप्शनवरच्या जॅकीने दारातून मान आत घातली.

"बॅरी येत नाहीये. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन उद्यावर आलं."

"मग आज अनोळखी माणूस कोण?"

"तेच विचारायला आले होते," असं म्हणून जॅकी निघून गेली.

केविन हे बॉर्डर कॉली जातीचं पिल्लू होतं. मिसेस हॉब्सनी त्याचं नाव जावयावरून ठेवलं होतं आणि जावयाला ते अजून कळलेलं नव्हतं. आत्तापर्यंतचे सगळे वर्ग केविनने खुर्चीखाली बसून काढले होते. बाहेर यायचा तो फक्त तळं करायला, कारण स्वतःच्या खुर्चीखाली घाण करणं त्याला पटत नसे.

दर बुधवारी प्राण्यांच्या दवाखान्याची वेळ संपली की वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावून सुश्रुत पिल्लांचा वर्ग घ्यायचा. लसी झालेली पिल्लं यायची आणि जगाला न घाबरायला शिकायची. जग म्हणजे केर ओढणारा हूवर, उघडणारी छत्री, चमकणारं पिवळं जाकीट आणि सीडीवर वाजणारे बॉनफायर नाइटचे फटाके. चौथ्या आठवड्यात अनोळखी माणूस. टोपी, दाढी आणि जाडजूड कोट असलेला पुरुष समोर आला की पिल्लांची सगळ्यात जास्त तंतरते. निवृत्त बसड्रायव्हर बॅरीकडे हे तिन्ही उपजतच असल्यासारखं होतं, आणि तो एका कपभर चहावर यायचा. सुश्रुत मालकांना सांगायचा, की पिल्लाच्या वयात एक छोटी खिडकी असते. तेवढ्यात जे बघून घेतलं त्याची भीती आयुष्यभर वाटत नाही. खिडकी मिटली, की मग एकेका गोष्टीसाठी फार खटपट करावी लागते. माणसांची ती कधी मिटते याबद्दल कोर्सच्या पुस्तकात काही दिलेलं नव्हतं.

त्याचं नाव सुश्रुत ठेवलं होतं ते उगाच नव्हे. मुलगा सर्जन होणार, हे बाबांनी त्याच्या बारशाआधीच ठरवलं होतं. मुलगा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला बाहेर पडला आणि कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात नर्स झाला. बाबा, म्हणजे कमलाकर, कॉव्हेंट्रीतल्या गाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचे. चांगला असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवायचा. त्यावर चर्चा नसायची. कारखाना बंद पडला तरी सवय राहिली. सुश्रुतने मेडिकल सोडलं त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते. भांडले असते तर निदान काही वाक्यं तरी पदरात पडली असती. एका घरात, एका टेबलावर बसून ते आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, मीठ दे." आई मीठ उचलून द्यायची. सुश्रुत आईला सांगायचा, "त्यांना म्हणावं, गाडीच्या एमओटी तपासणीची मुदत संपतेय." आई म्हणायची, "अहो, ऐकलंत ना?" बाबा म्हणायचे, "काय म्हणतोय?" मग आई सगळं पुन्हा, तेही मराठीतून मराठीत भाषांतर केल्यासारखं सांगायची.

आता आई नागपूरला उल्कामावशीकडे गेली होती. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दुभाष्या गेल्यावर दोन्ही देशांनी मग किटलीशी बोलायला सुरुवात केली. "दूध संपलंय," असं बाबा किटलीला सांगायचे. दुसऱ्या दिवशी दूध आलेलं असायचं. "आज उशीर होईल," असं सुश्रुत किटलीला सांगायचा. रात्री त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. व्यवहार म्हणून बघितलं तर काही अडत नव्हतं.

अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. सुश्रुतला एडिनबरोच्या मोठ्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात जायचं होतं. आईला माहीत होतं. हीथ्रोच्या बसमध्ये चढताना ती म्हणाली होती, "आजपर्यंत सगळं मी पोचवलं. हे नाही पोचवणार. हे तू स्वतः सांगायचंस. रविवारी मी परत येईन तेव्हा ते सांगून झालेलं पाहिजे."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी उल्काकडेच राहते. तिथं लोक बोलतात तरी."

सुश्रुतने सोमवारी किटलीला अर्धं सांगून बघितलं होतं. "एडिनबरोला," एवढं म्हणाला आणि पाणी उकळलं.

"मिळाला!" जॅकी परत आली. "दारातच उभा होता. टोपी, छत्री, दाढी, सगळं घरूनच घेऊन आलाय. मी विचारलं, तुम्हीच का आजचे स्ट्रेंजर? तर येस म्हणाला. फार गोड माणूस आहे."

तिच्या मागून बाबा आत आले.

आईने विणलेली चॉकलेटी माकडटोपी, गुडघ्याखाली येणारा कोट, हातात लांब दांड्याची काळी छत्री. आई गेल्यापासून दाढी केलेली नव्हती. भिंतीलगतची सगळी पिल्लं एकदम गप्प झाली. केविन खुर्चीखाली होता तो खुर्चीमागे गेला.

बाबा या गावात तीस वर्षं राहत होते. तुम्ही अनोळखी का, असं त्यांना इतक्या आदराने आणि इतकं सरळ कोणी विचारलं नसावं. शिवाय हसून विचारणाऱ्या इंग्रज बाईला नो कसं म्हणायचं, हे त्यांना या तीस वर्षांत जमलेलं नव्हतं.

त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि सुश्रुत आणि वजनकाटा यांच्या मधोमध धरल्या.

"किल्ली राहिली होती," ते वजनकाट्याला म्हणाले.

सुश्रुतने त्या घेऊन नर्सच्या अंगरख्याच्या खिशात टाकली. हे माझे वडील, एवढं म्हणायला काहीच लागलं नसतं. पिल्लांचे मालक त्याच्याकडे बघत होते. मिसेस हॉब्सनी चष्मा पुसून घातला होता. त्याने घसा साफ केला आणि क्लायंटशी बोलतो त्या आवाजात, इंग्रजीत म्हणाला,

"आल्याबद्दल आभार. इथं मध्ये बसाल का, प्लीज? सरळ नको, एक बाजू करून. पिल्लांकडे बघायचं नाही. त्या भिंतीकडे बघा."

बाबा बसले आणि भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर कुत्र्याच्या पोटात होणाऱ्या जंतांचं मोठं रंगीत चित्र होतं.

"पुढे वाकायचं नाही. हात पुढे करायचा नाही. लोकांना राहवत नाही, म्हणून हात मांड्यांखाली दाबून ठेवा."

बाबांनी छत्री गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. माणसांबद्दल त्यांचं काहीही मत असो, कामाच्या पद्धतीला त्यांनी कधी प्रश्न विचारला नव्हता. सुश्रुतने त्यांच्या बुटापासून थोड्या अंतरावर एक बिस्कीट ठेवलं.

लॅब्रॅडॉरचं पिल्लू पहिलं आलं, त्याने बिस्कीट खाल्लं आणि बुटाची नाडी खायला घेतली. त्याच्या मागून बाकीची आली. एक पग छत्रीवर गुरगुरला आणि मग तिच्याच आडोशाला झोपला. बाबा जंत बघत राहिले. केविन मात्र हलला नाही. खुर्चीमागून त्याचं फक्त नाक दिसत होतं.

"तो आला नाही तर?" बाबांनी विचारलं. इंग्रजीत, चित्राकडे बघत. पण प्रश्न सुश्रुतला होता. जंतांना कशाला विचारतील?

सुश्रुत म्हणाला, "नाही आला तर नाही आला. आपण ओढून आणायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत येऊन बसायचं."

"किती आठवडे?"

"लागतील तेवढे."

बाबांनी यावर विचार केला. "आणि आला तर?"

"काही करायचं नाही. खाऊ द्यायचं. शाबास वगैरे म्हणायचं नाही, थोपटायचं नाही. तिथंच सगळे चुकतात. पिल्लू जरा जवळ आलं की माणूस हात उचलतो, आणि पिल्लू गेलं परत खुर्चीखाली. ते मग आधीपेक्षा जास्त घट्ट बसतं."

"मग पुढे?"

"पुढचं बिस्कीट किंचित आपल्याकडे सरकवून ठेवायचं. बस."

"टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"किंचित म्हणजे किती?"

"दोन बोटं," सुश्रुत म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. चार वर्षांत ते दोघं इतकं बोलले नव्हते, आणि सगळं बिस्किटांबद्दल.

बाकीच्या पिल्लांना मालकांनी मांडीवर घेतलं. खोलीत फक्त फ्रिजची घरघर उरली. केविनचं नाक पुढे आलं, मग डोकं, मग तो पोटावर सरपटत, मागचे पाय खुर्चीकडेच ठेवून जेवढा लांब होता येईल तेवढा लांब झाला. बिस्कीट उचललं. मागे गेला नाही. सुश्रुतने दुसरं ठेवलं, दोन बोटं अलीकडे. केविनने तेही खाल्लं. मग तो उठून बाबांच्या बुटापाशी आला, बूट हुंगला आणि इतक्या ताणानंतर कोणीही करेल तेच त्याने केलं. तळं बुटावर झालं. रोज सकाळी पॉलिश होणारा बूट होता तो. नोकरी गेल्यावरही एक दिवस चुकला नव्हता.

बाबा हलले नाहीत. त्यांच्या कोटाची एक बाही थरथरली, कारण आतला हात मांडीखालून निघू बघत होता, आणि त्यांनी तो तिथेच दाबून धरला. केविन ओल्या बुटावर हनुवटी टेकून आडवा झाला.

मिसेस हॉब्स रडायला लागल्या. किचन रोल सुश्रुतकडे होता, त्याने त्यांना दिला.

"हे गृहस्थ पुढच्या बुधवारी पण येतील ना?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"त्याला विचारा," बाबा म्हणाले. टोपीतून बाहेर आलेली हनुवटी त्यांनी सुश्रुतच्या दिशेला किंचित हलवली. "ही इज इन चार्ज हिअर."

सुश्रुत खुर्च्या सारख्या करून, फरशी पुसून बाहेर आला तोवर बाबा निघून गेले होते. एकवीस नंबरची बस नुकतीच वळणावरून गेली होती.

"कोण होता रे तो?" जॅकीने दिवे बंद करता करता विचारलं. "बॅरीला सुट्टीच देऊन टाकू या."

"माझे वडील."

जॅकी हसली. तिला वाटलं, तो नेहमीसारखी थट्टा करतोय.

घराच्या दारात उभं राहून त्याने अंगरख्याच्या खिशातून किल्ल्या काढल्या. पितळी गणपतीचं किचेन. आईच्या होत्या या. नागपूरला जाताना तिने त्या चहाच्या डब्यामागे खुंटीला अडकवल्या होत्या. त्याने दुसरा हात कोटाच्या खिशात घातला. त्याच्या किल्ल्या तिथंच होत्या, रोज असतात तिथं. सकाळी दार लावून घेताना त्याने त्या खिशात टाकल्या होत्या आणि बाबा तेव्हा समोरच, पायरीवर बूट घासत बसले होते.

आपला जुडगा त्याने परत कोटाच्या खिशात टाकला. मग आईच्या किल्लीने दार उघडलं.

स्वयंपाकघरात दिवा होता. बूट धुऊन रेडिएटरशी उलटा करून ठेवला होता. टेबलाजवळच्या खुर्चीवर बाबा बसले होते. नेहमीसारखे टेबलाकडे तोंड करून नाहीत, एक बाजू करून, भिंतीकडे बघत. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. माकडटोपी काढलेली होती आणि केस सगळे उभे राहिले होते. दोन्ही हात मांड्यांखाली होते.

टेबलाच्या पार टोकाला, दाराच्या बाजूला, एका बशीत एकच चकली ठेवली होती.

सुश्रुत दारातच थांबला. कोट अंगात, पिशवी खांद्यावर. किटली गॅसजवळ गप्प होती. त्याला हसू आलं. बाबा कॅलेंडरकडे बघत होते. त्या महिन्यात लेक डिस्ट्रिक्टमधली एक मेंढी होती.

त्याने हात लांब करून चकली उचलली. नरम झालेली होती. आई जायच्या आधी करून ठेवलेल्या डब्यातली असणार. ती त्याने पूर्ण खाल्ली.

"बाबा," तो म्हणाला. "मला एडिनबरोला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात जायचंय."

बाबांचा उजवा हात मांडीखालून निघाला. वर आला, त्याच्या दिशेने अर्धा वळला. सुश्रुतने तो बघितला आणि नकळत त्याचा एक पाय दाराकडे मागे गेला. हात हवेत थांबला. मग वळून टेबलावरच्या डब्यात शिरला आणि एक चकली घेऊन बाहेर आला.

बाबांनी ती बशीत ठेवली नाही. कॅलेंडरवरची नजर न काढता त्यांनी टेबलावर चाचपलं, दोन बोटं मोजली आणि चकली बशीच्या अलीकडे, स्वतःच्या बाजूला ठेवली. हात परत मांडीखाली गेला.

सुश्रुतने पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.