कवळीची डबी

२०१९ सालच्या वैशाखात, दिवेलागणीला, गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल गुरगुरली आणि दगडाबाईनं तोंडातली कवळी काढली. आधी खालची, मग वरची. पदरानं लाळ टिपून तिनं दोन्ही डबीतल्या गार पाण्यात सोडल्या आणि झाकण दाबलं. टक्.

तो आवाज ऐकताच ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेनं, संध्यानं, गॅस बंद केला. तापलेली कढई मागं सरकवली. मग हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून पिठाच्या डब्यावर ठेवल्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. दगडाबाईचा लेक खंडेराव किती पिऊन आलाय, हे उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत गाडीच्या आवाजावरूनच कळायचं.

दगडाबाईची पहिली कवळी लेकाच्या थपडेनं फुटली होती. क्रांती चौकातल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना तिनं सांगितलं, मोरीत पडली.

"आजी, धुताना खाली जाड फडकं अंथरत जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "उकळतं पाणी नको, वाकडी होते. तोंडात नसली की गार पाण्यातच ठेवा. आणि झोपताना न चुकता काढायची."

तिनं सगळं पाळलं, फक्त झोपेची वाट पाहिली नाही. पुढं दुसरी कवळी तपासताना डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "एक ओरखडा नाही! तुमच्यासारखी निगा कुणी राखत नाही, आजी." शेजारी बसलेली संध्या तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

एके काळी दगडाबाईचे दात म्हणजे दात होते. माहेरी उसाची कांडी दातानंच सोलायची. लग्न होऊन शहरात आली तेव्हा दौलताबादचे करकरीत पेरू बिया चावत खायची. शेजारणी म्हणायच्या, ही बाई आहे का अडकित्ता! पुढचे दोन दात नवऱ्यानं, कडूबानं, पाडले. तेव्हा खंडेराव तिच्या पोटात होता. बाकीचे मागाहून एकेक करत गेले.

दार उघडंच होतं, तरी खंडेरावनं ते लाथेनं ढकललं.

"जेवायला वाढ."

"वाढते. भाकरी तेवढी—"

पुढचं संध्याला बोलता आलं नाही. त्यानं केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. पिठाचा डबा कलंडला. बांगड्या खाली पडून फुटल्या. मग पाठीत, मग पोटात. संध्या ओरडत नव्हती. ओरडलं की जास्त मार बसायचा.

कोपऱ्यातून दगडाबाई पुटपुटली. तिला 'सोड तिला' म्हणायचं होतं. बोळक्या तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला.

"होल तिला, होल तिला!" खंडेरावनं तोंड वेंगाडून नक्कल केली. "म्हातारे, आधी बोलाया शीक. मंग मला शिकव."

आदल्या वर्षी शेजारच्या केसरबाईनं पोलीस बोलावले होते, तेव्हाही असंच झालं होतं. 'आजी, काय म्हणताय?' असं शिपाईबाईनं परत परत विचारलं आणि दगडाबाईनं तोंडावर पदर धरून नुसती मान हलवली. डबी तेव्हा मांडणीवर, हाताला येईल अशी होती.

खंडेरावची मूठ पुन्हा बसली. काहीतरी घरंगळत दगडाबाईच्या पायाशी आलं.

तिनं ते उचललं. दात होता. मुळासकट, पांढराशुभ्र, अजून ऊन.

खंडेराव कमरेचा पट्टा सोडत होता. दगडाबाईनं डबी उघडली. कवळी काढून सुनेचा दात त्या पाण्यात सोडला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबून कवळी ओल्यानंच हिरड्यांवर बसवली आणि उठली.

"कुठं चालली गं?"

तिनं वळून बघितलं नाही. उंबरा ओलांडून ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"केसरबाई! पोलिसाला फोन लाव. माझ्या खंड्यानं बायकोचा दात पाडला. म्या डोळ्यानं बघितलंय. येऊ दे त्यांला, म्या सांगती!"

एकेक शब्द गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ गेला. दारं उघडली. मागून आलेल्या पट्ट्यानं ती तोंडावर आपटली आणि वरच्या कवळीचे फरशीवर दोन तुकडे झाले. पण सांगायचं ते तोवर सांगून झालं होतं.

खंडेरावला शिक्षा झाली. सुटल्यावर तो पुण्याकडं गेला म्हणतात. इकडं फिरकला नाही. केसरबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. संध्या चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. डॉक्टरीणबाईंनी तिला नवा दात बसवून दिला, तरी हसताना ती अजून ओठ मिटून घेते. तिथंच जवळ दोघी एका खोलीत राहतात.

दगडाबाईला तिसरी कवळी मिळाली. नव्या खोलीत पहिल्या पहिल्यांदा रोज एक गोष्ट तिच्या ध्यानात यायची. डबीचं झाकण वाजलं की भांडी घासत असलेल्या संध्याचा हात आपसूक बांगड्यांवर जायचा.

म्हणून डबीला हात लावण्याआधी ती आजही आवाज देते.

"संध्ये, झोपाया चालले गं."

"व्हय, आत्याबाई."

मगच ती झाकण उघडते.