सरळ नळी आणि तीनशे पिल्लं

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटवर बसला आहात. पौषातली सकाळ आहे. बाहेर इतकी थंडी की शेताच्या बांधावर शेकोटीभोवती बसलेली माणसं नुसती घोंगड्यांचे ढीग वाटताहेत. मोटारीच्या चारही काचा बंद आहेत आणि फटींत जुनी फडकी कोंबली आहेत. तुमच्या शेजारी पुठ्ठ्याची तीन खोकी आहेत, बाजूला भोकं पाडलेली. एकेका खोक्यात शंभर पिल्लं, कालच अंड्यातून निघालेली. तीनशे पिल्लं एकदम चिवचिवताहेत. कान किटतात, पण बरंही वाटतं.

आता कल्पना करा की तो आवाज हळूहळू कमी होऊ लागला.

रुपाला ते आधी कळलंच नाही. अकरा वर्षांची रुपा नवापूरहून निघाल्यापासून एक हात खोक्यांवर ठेवून बसली होती. तिचा चार वर्षांचा भाऊ मिथुन तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. पुढे तिचे वडील, गिरधरआबा, गाडी चालवत होते. तापीकाठी प्रकाशा गावाजवळ त्यांची केळीची शेती होती आणि यंदा मळ्यात त्यांनी कोंबड्यांची शेडही उभारली होती. ही पिल्लं त्या शेडमधली पहिली.

निघताना पिल्लं मोजून देणाऱ्या जमनाबाईंनी तीनतीनदा बजावलं होतं, "भाऊ, वारा लागू देऊ नका. झाकण उघडू नका. एकदा थंडी बसली की ही पटापट माना टाकतात." म्हणून आबांनी फडकी कोंबली होती. मागच्या काचांच्या मुठी तर त्यांनी केव्हाच काढून ठेवल्या होत्या, कारण मिथुन दिसली मूठ की फिरवायचा.

विसरवाडी मागे पडली, खांडबाराही मागे पडलं. रस्त्यावर खड्डे होते. एका उंच गतिरोधकावर गाडी आपटली आणि खालून "खाट्" असा आवाज झाला. त्यानंतर पायाखाली ट्रॅक्टरसारखं फटफट वाजू लागलं.

"आबा, हाऊ कसाना आवाज?" रुपाने विचारलं.

"जुनी गाडी शे ती. गाणं म्हनी ऱ्हायनी," आबा म्हणाले. "तू पिल्ला सांभाळ."

रुपा हसली नाही. तिला दिलवरसिंग मिस्त्रींचं गॅरेज आठवलं.

ती कालचीच गोष्ट. दिलवरसिंग गाडीखालून सरपटत बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक वीतभर नळी होती. वरून बारीक तारांची वीण, एका बाजूने फाटलेली. त्यांनी नळीचं एक टोक रुपाच्या हातात दिलं आणि दुसरं टोक स्वतः धरून हलवलं. नळी मधेच वाकली, पण रुपाच्या हाताला धक्का बसला नाही.

"दख पोरी," ते म्हणाले. "इंजिन रबरवर बशेल ऱ्हास. गाडी चालू व्हयनी की ते डोलस. मांगे सायलेन्सर लटकेल शे, तो डोलत नही. दोन्हीसना मधमा हाई जाळी शे. ती वाकस, म्हनीसन नळी तुटत नही."

"नवी जाळी कधी येई?" आबांनी विचारलं.

"परवा. नंदुरबारथून."

"परवा? मन्हा पिल्ला उद्या सकाये तयार शेत. ते काय परवालोंग खोकामा बशी ऱ्हातीन? सरळ लोखंडी नळी जोडी दे ना दिलवरभाऊ. वेल्डिंग मार. जलमभर तुटाव नही."

"जलमभर तू काय या गाडीमाच ऱ्हासी?" दिलवरसिंग हसले. मग एकदम गंभीर झाले. "ऊसनं कांडं वाकाडी दखेल शे ना? कट् करीसन मोडस. तशीच मोडी ती. आनि मांगे नही, पुढे मोडी, इंजिनजवळ, तुन्हा पायखाले. इंजिनना धूर गाडीमा शिरी. त्या धूरले रंग नही, धड वासबी नही. मानूस झोपी जास, त्याले वाटस झोपच उनी. मी जोडी देस, पन काचा उघड्या ठेवजो."

"ठेवसू, ठेवसू," आबा म्हणाले होते.

आणि आज चारही काचा बंद होत्या.

रुपाचं डोकं ठणकू लागलं. कानशिलांत कोणीतरी आतून बोटं मारतंय असं वाटत होतं. मळमळत होतं. गाडी लागली असेल, तिने मनाशी म्हटलं. मघाशी जळकट वास आला होता, पण आता पिल्लांच्या वासापुढे तोही कळेना. डोळे जड झाले. मिथुनसारखं आपणही जरा आडवं व्हावं. किती शांत वाटतंय.

शांत?

रुपाने डोळे उघडले. तिने खोक्याला कान लावला. मघाशी कान किटत होते, आता आत दोन-चारच पिल्लं कुठेतरी चिवचिवत होती, तीही थांबून थांबून. झोपली असतील. पण तीनशे पिल्लं एकदम कशी झोपतील?

तिने भोकातून बोट आत घातलं. मऊ लव लागली. तिने हळूच ढोसलं. पिल्लू हललं नाही, त्याची मान बोटावरून कलंडली. थंडी बसली? पण पिल्लू तर गरम होतं! खोकं गरम होतं, गाडी गरम होती. वाराही नव्हता, थंडीही नव्हती.

मग पिल्लांना झालं काय?

पायाखालची फटफट ऐकताना तिला उत्तर मिळालं: दिलवरसिंगांनी सांगितलेला तो बिनवासाचा धूर.

"मिथुन," तिने त्याचा गाल थोपटला. "मिथुन, ऊठ!" तिने त्याला गदागदा हलवलं. त्याची मान एका बाजूला लवंडली, अगदी त्या पिल्लासारखी.

"आबा, काच उघाडा! नळी तुटनी! आबा!"

"पिल्लाले... वारा लागी," आबा म्हणाले. शब्द तोंडात घोळत, उशिरा बाहेर आले.

"आबा, मिथुन उठत नही!"

समोरच्या आरशात तिला आबांचे डोळे दिसले. उघडे होते, पण रस्त्याकडे बघत नव्हते. गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. समोरून कापसाने भरलेला ट्रक आला. त्याचा भोंगा किंचाळला. आबा दचकले, त्यांनी चाक वळवलं, ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला. आणि आबांची मान पुन्हा छातीकडे झुकली.

रुपा काचेकडे वळली. मुठीच्या जागी नुसता लोखंडी खुंट होता. तिने तो बोटांनी फिरवून पाहिला. बोटं सोलली, काच केसभरही हलली नाही. पुढच्या काचेच्या मुठीपर्यंत हात पोचेना, दार उघडावं तर रस्ता भरभर मागे पळत होता. तिला रडू फुटलं. रडता रडता तिला आणखीच झोप आली, आणि त्या झोपेची तिला ट्रकपेक्षा जास्त भीती वाटली.

गाडी चढाला लागली. आबांचा पाय सैल पडला असावा, वेग कमी झाला. चढ! प्रत्येक चढावर थांबताना आबा काय करतात? पुढच्या दोन सीटांच्या मधला तो दांडा वर ओढतात.

रुपाने मिथुनचं डोकं सीटवर ठेवलं. पुढे वाकली. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. दांडा करकरला. मागची चाकं घासली, गाडी झोके खात कडेच्या मुरमावर गेली, दोन गचके देऊन इंजिन बंद पडलं. फटफट थांबली.

तिने दार लोटलं. थंड वारा तोंडावर आला. तिने मिथुनला काखांत धरून ओढलं, गवतावर आडवं केलं, मग धावत जाऊन आबांचं दार उघडलं आणि त्यांचा दंड खेचला. "आबा, बाहेर! आबा!" ते अर्धे उतरले, अर्धे पडले, आणि गुडघ्यांवर बसून ओकू लागले.

मिथुन हलत नव्हता. रुपाने त्याच्या तोंडावर तोंड नेलं. श्वास लागत होता, बारीक. "मिथुन, मिथुन," ती त्याची छाती चोळत राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही. मोटारसायकलवरचा एक माणूस थांबला आणि रुग्णवाहिकेला फोन करू लागला. तेवढ्यात मिथुनने तोंड वाकडं केलं, खोकला आणि भोकाड पसरलं. आयुष्यात पहिल्यांदाच रुपाला त्याचं रडणं गोड वाटलं.

आबांनी कष्टाने मान वर केली. गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं आणि वारा थेट आत शिरत होता.

"रुपा," ते पुटपुटले, "दार लाव... पिल्लाले वारा लागी..."

रुपाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती गाडीकडे गेली. तिने एकेक करून तिन्ही खोकी बाहेर काढली आणि वाऱ्याच्या तोंडाशी गवतावर मांडली. पहिल्या खोक्याचं झाकण तिने उपटून काढलं. आत पिवळी लव हलत होती, पण ती वाऱ्याने की पिल्लांनी, ते कळेना. तिने कान जवळ नेला. कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, मग आणखी एक.

रुपाने दुसऱ्या खोक्याच्या झाकणाला हात घातला.