अक्तीपर्यंत ठेवलेलं बियाणं

मी धानाची कोठी बोलून राहिली. हसू नका. मातीची असली म्हणून का झालं? छप्पन साली माझ्या डोळ्यांसमोर एक अख्खं गाव उठलं, अन् तेव्हापासून माझं डोकं जे तापलं ते आज एकोणसाठ साल उजाडलं तरी थंड नाही झालं.

आज मी भिलाईच्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत, एका ठेकेदाराच्या गोदामात उभी आहो. चारी बाजूंनी सिमेंटच्या थैल्या. पहिले हे केवलरामचं घर होतं. मरोद्याच्या अलीकडे तीस घरांचं आमचं गाव, दोन तळी, आमराई, अन् मधोमध भय्याजी मालगुजाराचं सागवानी खांबांचं दोन मजली घर. आता फक्त हे एक घर उरलं, तेही ठेकेदाराले सिमेंट ठेवाले छप्पर पाहिजे होतं म्हणून.

मले मथुरानं केलं, केवलरामच्या बायकोनं. तळ्यातली काळी माती, धानाचा कोंडा अन् शेण तुडवून तुडवून तिनं एकेक थर चढवला. खालचा वाळल्याशिवाय वरचा घालायचा नाही, म्हणून मले उभी राहाले पंधरा दिवस लागले. मी झाली तं दाराहून उंच अन् दाराहून रुंद.

केवलराम म्हणे, "आता हिले बाहेर कशी काढशीन वो?"

"बाहेर कावून काढू? घर का कुठं चाललं?" मथुरा म्हणाली. तेव्हा मलेही हसू आलं होतं.

माझ्या पोटात दोन कप्पे. एक खायच्या धानाचा, एक बियाण्याचा. दोन्हीले खाली एकेक भोक, चिंध्यांच्या बोळ्यानं बंद केलेलं. बियाणं मथुराच्या माहेरचं होतं. आमगावकडून लग्नात ओटीत आलेलं मूठभर धान, तिनं वाफ्यात वाढवून वाढवून त्याचं तीन एकराचं बियाणं केलं. तांबूस कुसाचं, बुटकं, पावसानं दहा दिवस दडी मारली तरी मान न टाकणारं. भात शिजला की शेजारची राधाबाई भांडं घेऊन दारात हजर! कोणी मागितलं तं मथुरा भात देई, बी देत नसे. तेवढं एक तिचं कंजूसपण. म्हणून ते धान साऱ्या पंचक्रोशीत फक्त माझ्या पोटात होतं.

अन् बियाण्याचा एक कायदा होता. अक्तीच्या दिवशी, तुमच्याकडे त्याले अक्षय तृतीया म्हणतात, घरोघरचं बी पानाच्या द्रोणात घालून ठाकूरदेवाच्या पायाशी न्यायचं. गावचा पुजारी ते पेरून दाखवे. त्याच्या आधी बियाण्याच्या भोकाचा बोळा काढायचा नाही. काढला तं साऱ्या गावाची पेरणी बाटली.

मंग ते मोजणीवाले आले. साखळ्या टाकून वावरं मोजली, उभ्या लाखोरीच्या पिकात लाल झेंड्या रोवल्या. एक बाबू घरात शिरला. त्यानं वहीत विहीर लिहिली, आंब्याची झाडं लिहिली, अन् माझ्यापाशी थांबून म्हणे, "इसको क्या लिखूँ? घर है कि सामान?" केवलराम डोकं खाजवत राहिला. बाबूनं काहीच नाही लिहिलं. पंधरा वर्षं या घराचं पोट भरलं मी, अन् मले साधी एक ओळ नाही!

चैत सरायच्या आत गाव खाली करा, असा हुकूम निघाला; आमच्याकडे महिना पुनवेले सरते. अक्ती त्याच्या पुढं अठरा दिवसांवर. गावानं बाबूले विनवलं, तेवढं थांबू द्या. तो म्हणे, "अरे, उस दिन आ जाना. अपना बीज ले जाना. कौन रोकेगा?" हसत हसत म्हणाला मेला! अन् आमच्या भोळ्यांनी ते खरं मानलं.

घर सोडायच्या दिवशी बैलबंडी दारात लागली. खायचं धान काढून झालं. मंग मथुरा माझ्यासमोर बसली अन् तिनं बियाण्याच्या बोळ्याले हात घातला.

"का करून राहिली?" केवलराम ओरडला.

"संग नेते. मले त्या बाबूचा भरोसा नाही."

"अक्तीच्या आधी? देवाले का सांगशीन? मले गावात तोंड दाखवू देशीन का?"

"गाव कुठं उरलं, तोंड दाखवाले?"

"मथुरा, हात काढ!"

तिनं हात काढला. बोळ्यावर ओल्या मातीचं लिंपण केलं अन् माझ्याकडे न पाहता निघून गेली. तीसच्या तीस घरांत हेच झालं. देवाचा मान राखला सगळ्यांनी, अन् साऱ्यांचं बियाणं बाबूच्या शब्दावर मागं राहिलं. मले आजही वाटते, मी तेव्हाच फुटाले पाहिजे होतं. धडाधड फुटून सारं बी तिच्या पदरात सांडाले पाहिजे होतं.

आठच दिवसांत बुलडोझर आले. भय्याजीचं दोन मजली घर एका सकाळीत आडवं झालं. राधाबाईचं तं दहा मिनिटांतच. कोठ्या फुटल्या, बियाणं मातीत मिसळलं, वरून मुरूम पडला, रोलर फिरला. माझ्या घरात सिमेंट आलं अन् भोवती तारेचं कुंपण.

अक्तीच्या सकाळी कुंपणापाशी गलका ऐकू आला. तीस घरांचे लोक पानाचे द्रोण घेऊन आले होते. पहारेकरी म्हणे, "गेट पास दिखाओ."

"साहब, हमारा गाँव है. बीज लेना है." हा केवलराम.

"कौन-सा गाँव? इधर कोई गाँव-वाँव नहीं है."

मंग मथुराचा आवाज आला. ती पहारेकऱ्याले नाही, केवलरामले शिव्या देऊन राहिली होती, चारचौघांसमोर. बरं वाटलं मले! उन्ह चढेस्तोवर ते थांबले, मंग खुर्सीपारले जिथं त्यांनी झोपड्या टाकल्या होत्या, तिकडे परत गेले. पुढं केवलरामले कारखान्यात खलाशाचं, म्हणजे ओझी उचलायचं, काम लागलं. वावर गेलं ते गेलंच.

तीन वर्षं मी तो बोळा घट्ट धरून बसली. पोटात कडुनिंबाचा पाला अन् राख होती, म्हणून किडा नाही लागला. उंदरांले मी दाद नाही दिली. छपराचं पाणी पाठीवर झेललं, आत थेंब जाऊ नाही दिला.

यंदा मथुरा आली. त्याच ठेकेदाराकडे रेजा म्हणून, डोक्यावर सिमेंट वाहाले! राधाबाईही संग होती. आपलं घर पाहून मथुरा उंबऱ्यातच थबकली. थैल्या हटता हटता तिसऱ्या दिवशी तिले मी दिसली. तिनं लिंपण फोडलं, बोळा ओढला, अन् बी सळसळत तिच्या ओंजळीत आलं. एक दाणा किडला नव्हता.

"राधे, पाह्य वो! जसंच्या तसं!" ती रडली, हसली, माझ्या पोटावर गाल घासला. का सांगू तुमाले, मले वाटलं मी जिंकली. ओल्या पोत्यात मोड आणून पाहाले म्हणून तिनं मूठभर बी पदरात बांधून नेलं.

सहाव्या दिवशी आली तं तिचं तोंड उतरलेलं.

"मोड आले का?" राधाबाईनं विचारलं.

"एकालेही नाही. शंभर दाणे भिजवले. सारं मेलं होय."

मरन नाही तं का? धान का दगड होय? बी दर साली मातीत जाते म्हणून जगते. मले ते कोणी नाही सांगितलं. मढं सांभाळत बसली मी तीन वर्षं!

मथुरानं मंग सारं काढलं. टोपल्या भरभरून घरी नेलं, कांडलं, अन् एका दुपारी गोदामाच्या मागच्या दाराशी तीन विटा मांडून भाताचा मोठा गंज चढवला. वास सुटला. रेजा बायका गोळा झाल्या. जेवणाच्या भोंग्याले केवलरामही आला, छातीवर कारखान्याचा बिल्ला लावून. वासावरून त्यानं ओळखलं अन् जागीच उभा राहिला.

"बियाणं शिजवलं?"

मथुरानं पानावर भात वाढला अन् त्याच्यासमोर ठेवला.

"खा. झाली तुमची अक्ती."

तो खाली बसला. खात खात रडत होता. पान सरलं तं तिनं पुन्हा वाढलं, अन् त्यानं तेही खाल्लं.

आता मी रिकामी आहो. हे घरही पाडणार, इथून रस्ता जाणार म्हणतात. पाडा! मले मेलीले का करायचं राहून? पण मोजणीवाल्यांनो, साखळी घेऊन उद्या दुसऱ्या कोणाच्या गावात शिराल ना, तं विहिरी अन् आंबे मोजायच्या आधी तिथल्या बाईले एवढं विचारा, बाई, तुझी पेरणी कधी? अन् ती सांगन त्या दिवसापर्यंत गुमान बाहेर उभे राहा.