पिपाणीची खोट

मित्रांनो, मी एक जुनी पिपाणी आहे. पण जत्रेत मिळते तसली नाही. मला फुंकलं, की रानडुकराचं पिल्लू कशात तरी अडकून किंचाळावं तसा आवाज निघतो. तो ऐकला की कळपातल्या माद्या झुडपं मोडत धावत येतात. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातल्या चुडामण नावाच्या शेतकऱ्याने मला बांबूच्या कांडीतून घडवलं.

त्याचा उभा मका रानडुकरं लोळवून टाकत. म्हणून त्याने आणि त्याचा मित्र भटू याने शिकारीची रीतसर परवानगी काढली. चुडामणने नाल्याच्या झुडपात दडून मला वाजवायचं, भटूने परवान्याची बंदूक घेऊन शेतातल्या उंच माळ्यावर बसायचं, असं ठरलं. डुकराचं नाक तिखट, त्यामुळे वारा फिरला की चुडामणला जागा बदलावी लागे. माझा पहिला आवाज ऐकून भटूच घाबरला. झुडपात माणूस कोणता आणि डुक्कर कोणतं, हे त्याला कळणार कसं?

चुडामणने चाकू काढला आणि माझ्या कडेला एक बारीक खाच पाडली. तेव्हापासून माझा सूर शेवटी चिरकू लागला. डुकरांना त्याचं काही वाटत नसे, भटूला मात्र तो लगेच कळे.

"चांगल्या पिपाणीले खोट पाडी तू," भटू म्हणाला.

"खोट नई रे. हाई आपली वयख शे."

वयख म्हणजे ओळख. घरी मात्र दोघांपैकी कोणीच हे बोललं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच त्यांना वाटलं. मलाही त्या खाचेची लाजच वाटायची.

पुढे आमचं नाव झालं. शेजारच्या गावचे लोक चुडामणला बोलावून नेत. भटू त्याच्या अंगणात बसून चेष्टा करी, "भाऊ, तू इतलं मस्त वाजाडस, एखाद दिन डुकरीन तुले घर लई जाई."

चुडामणची बायको ताईबाई चुलीपासूनच म्हणे, "लई जाऊ दे. मना सैपाक वाची."

वर्षं गेली. चुडामणला कमी ऐकू येऊ लागलं. मला फुंकताना त्याला धाप लागे, खोकल्याने तो वाकून जाई. एका दुपारी ताईबाईने मला हातात घेऊन पाहिलं. खाचेतून फुकट जाणारी हवा तिच्या बोटाला लागली. टाचांच्या भेगांत भरायचं मेण तिच्याकडे होतं. त्यातलं थोडं तिने खाचेत भरलं आणि बोटाने सारखं केलं. तिची सगळी माया त्या बोटात होती, मित्रांनो.

त्याच दिवशी सूर्य मावळताना आम्ही शेतात गेलो. वारा फिरला तशी चुडामणने जागा बदलली आणि मला फुंकलं. माझा सूर कुठेही चिरकला नाही. इतकी नितळ मी पहिल्यांदाच वाजत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. चुडामणला फरक ऐकू आला नाही. भटूला मात्र नीट ऐकू आलं. झुडूप हललं आणि त्याने गोळी झाडली.

धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत चुडामण पोहोचला नाही.

चौकशी झाली, अपघात अशी नोंद झाली. दहाव्यानंतर भटू आला. त्याने मला खुंटीवरून काढलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "खोट कोठे गई?"

ताईबाई म्हणाली, "मीच बुजी दिधी, भाऊ. त्यासले दम लागे. माले वाटनं, तेवढा दम वाची."

भटूने नखाने मेण कोरून काढलं आणि खिशात टाकलं. "कोणले सांगू नको, वहिनी," एवढंच बोलून तो गेला. पुन्हा तो त्या अंगणात बसला नाही.

रानडुकरं अजून येतात, मका अजून लोळतो. मित्रांनो, कोणाच्या वस्तूत खोट दिसली, तर ती बुजवण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुमच्या वस्तूत अशी खूण असेल, तर घरच्यांना सांगून ठेवा. माझ्यासाठी आता याचा उपयोग नाही.

मी पुन्हा खुंटीवर आहे. वारा सुटला की खाचेतून शिरतो आणि मी आपोआप चिरकते. ताईबाई हातातलं काम टाकून दाराकडे बघते. दारात कोणी नसतं.