नऊ नंबरची खोली, तीन ते सहा

मेसेज आला तेव्हा मुंगीच्या हातात कुणाचे तरी वरचे चौदा दात होते. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये ती आठ वर्षं काम करत होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, आणि मग साच्यातून निघालेली गुलाबी कवळी मशीनवर घासून चकचकीत करायची. हात ओले, तोंडाला मास्क, अंगभर पांढरी भुकटी. तिने कोपराने फोन जवळ ओढला आणि वाचलं.

तुरतुरीचं लग्न ठरलंय हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं. पण हा मेसेज तुरतुरीचा नव्हता. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने लग्नाआधीच्या पार्टीचा बेत मांडला होता. तळ्याकाठचा बंगला, दोन दिवस मुक्काम, सगळ्यांचे एकाच रंगाचे ड्रेस, सोबत फोटोग्राफर. खाली प्रत्येकीच्या वाट्याचा आकडा. मुंगीने तो पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा तिला वाटलं की चुकून एक शून्य जास्तीचं पडलंय.

शून्य बरोबर होतं. तेवढ्यात तिचं दीड महिन्याचं भाडं निघालं असतं. तिच्या पगाराला हातात येण्याआधीच पाय फुटायचे. भाडं, आईला पाठवायचे ते, धाकट्या भावाचं शेवटचं वर्ष. त्यातून उरतील ते ती चष्म्यासाठी बाजूला टाकत होती. दोन दातांमधली फट केसाएवढी आहे की दोन केसांएवढी, हे दिसलं नाही तर तिच्या कामाला अर्थ नव्हता, आणि हल्ली दिसत नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाली, "चष्मा पुढच्या वर्षी केला तर चालेल ना गं?"

आईला लेकीच्या आवाजावरून सगळं कळायचं. "का? डोळे गहाण टाकून नाचायला जाणार आहेस? सरळ सांग की तिला, जमत नाही म्हणून. ती काय परकी आहे?"

परकी असती तर एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते, असं मुंगीच्या मनात आलं. दोन दिवस ती मनाशी मांडणी करत राहिली. रोज चालत आलं तर? रविवारीही काम घेतलं तर? कुठूनही सुरुवात केली तरी गाडी चष्म्यापाशीच येऊन अडायची. शेवटी तिने लिहून टाकलं, "रजा मिळत नाहीये गं. माझ्या वाटचं तूच नाच."

तुरतुरीने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. सहा वर्षं एका खोलीत राहून तिने कधी दहा वाक्यांच्या आत कशाचं उत्तर दिलं नव्हतं. तो अंगठा मुंगीला दिवसभर सलत राहिला.

नोकरी करणाऱ्या मुलींचं ते हॉस्टेल होतं आणि त्यांची खोली नऊ नंबरची. तीन लोखंडी कॉट, तिघींत एक कपाट, एकच खिडकी. स्वतःपेक्षा मोठी पिशवी खांद्यावर टाकून आली म्हणून हिचं नाव मुंगी पडलं. कायम घाईत, जिना चढतानाही धावणारी ती तुरतुरी. आणि बाकीच्या दोघींच्या चिठ्ठ्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणारी ती मास्तरीण. ती पुढे खरोखरच शाळेत शिकवायला लागली. खोलीत चहा करायला बंदी होती, म्हणून त्यांची विजेची किटली कॉटखाली राहायची. रेक्टरबाई येताना मात्र लांबूनच कळायचं. बाईंची कवळी सैल होती आणि बोलताना, चालताना कटकट वाजायची. व्हरांड्यात कटकट ऐकू आली की किटली कॉटखाली, पुस्तकं मांडीवर, आणि तिघी अगदी शहाण्या.

पहिल्या नोकरीत मुंगीचा पगार तीन महिने रखडला होता. मेसची कुपनं संपली, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. तुरतुरीने विचारलंही नाही. ती आपलं ताट शिगोशीग भरून आणायची, "आज भूक फार लागलीय बाई," असं साऱ्या मेसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसायची. खिशातून दुसरा चमचा काढायची. तीन महिने दोघी एका ताटात जेवल्या. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही.

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत तुरतुरी लॅबच्या दारात उभी राहिली. धापा टाकत होती.

"तुझ्या मालकांना आत्ता खाली भेटले," ती म्हणाली. "म्हणाले, तिने रजा मागितलीच नाही. मागितली असती तर दिली असती."

मुंगीने डबा बंद केला. "अगं, ते विसरतात..."

"मुंगे, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. आत्ताही झालेत."

मग मुंगीने खरं ते सांगितलं. चष्म्याचं, भावाचं, आकड्यातल्या शून्याचं. तुरतुरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात झटकला. "एवढंच ना? मी भरते तुझे. विषय संपला."

"नाही."

"का नाही?"

"तू भरलेस तर मी तिथे पाहुणी होईन. प्रत्येक फोटोत मला तेच दिसत राहील."

"वा! एका ताटात जेवलीस तेव्हा नाही आड आला तो मानीपणा?"

"तेव्हा तुझ्याकडेही एकच ताट होतं," मुंगी म्हणाली.

तुरतुरीचे डोळे भरून आले तसं तिने पर्स खांद्याला अडकवली आणि आली तशी तरातरा निघून गेली. मुंगी मशीनपुढे बसली खरी, पण त्या दुपारी तिने एक दात उलटा बसवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी ती हॉस्टेलवर गेली. का जातेय हे फाटकापाशी पोचेपर्यंत तिलाही नीट उमगलं नव्हतं. रेक्टरबाई अजून तिथेच होत्या. केस पांढरे झालेले, टेबल तेच. मुंगीला पाहून त्या उभ्या राहिल्या आणि तोंडावर रुमाल धरून बोलू लागल्या.

"नऊ नंबर? रिकामी आहे. रंग द्यायचाय, म्हणून महिनाभर कुणाला दिली नाही. तुला कशाला हवी?"

मुंगीने सांगितलं. एक दुपार. तिघीच. गोंगाट नाही.

"हे हॉस्टेल आहे, मंगल कार्यालय नाही," बाई रुमालाआडून म्हणाल्या. "भाडं द्यावं लागेल."

मुंगीचा चेहरा पडला. "किती, बाई?"

बाईंनी जाऊन दार लोटलं, खण उघडला आणि एक डबी तिच्यापुढे ठेवली. आत खालची कवळी होती. "ही बसत नाही. बोलायला गेले की उडी मारते. मुलींसमोर दोनदा टेबलावर पडली. तेव्हापासून मी सभेत बोलतच नाही. तू हेच काम करतेस ना?"

मुंगीने कवळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं. "तुमची हिरडी झिजलीय बाई, कवळी तेवढीच राहिलीय. आतून नवा थर द्यावा लागेल. वरचीही आणा. पण माप डॉक्टरांनाच घेऊ दे. आमचे एक ओळखीचे आहेत, मी सोबत येते."

मालकांना विचारून तिने ते काम आपल्या वेळात केलं. दोन वेळा घासून पाहिलं, समाधान होईना, तिसऱ्यांदा घासलं. डॉक्टरांनी कवळ्या बसवल्या आणि आरशात बघून बाई म्हणाल्या, "शंभर." मग "सत्त्याऐंशी." मग "शिस्त." कुठेही कटकट नाही. त्या हसल्या तेव्हा मुंगीला कळलं की सहा वर्षांत तिने बाईंना दात दाखवून हसताना पाहिलंच नव्हतं.

"रविवारी तीन ते सहा," बाई म्हणाल्या. "सहा म्हणजे सहा."

मधल्या दिवसांत तळ्याकाठची पार्टी होऊन गेली. फोटो ग्रुपवर आले. मुंगीने ते एकेक करून पाहिले आणि तुरतुरीला निरोप धाडला, "रविवारी तीनला हॉस्टेलवर ये. रुसली असलीस तरी ये."

रविवारी मुंगी आणि मास्तरीण दोनलाच पोचल्या. भिंतीशी उभे केलेले कॉट त्यांनी आडवे केले, जुन्या जागी लावले आणि घरून आणलेल्या चादरी घातल्या. मास्तरणीने पाव, उकडलेली अंडी आणि द्राक्षं आणली होती. मुंगीने किटली, तीन कप आणि एक छोटा केक. खेळ ठरवले होते, चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पहिला तास काय, दुसरा तास काय, सगळं आखलेलं. मास्तरीणच ती.

तुरतुरी सव्वातीनला आली. दारातच थांबली. खिडकीखालचा आपला कॉट बघून आत आली. चपला काढून कॉटवर बसली आणि हाताने चादर चाचपली.

"महिनाभर रात्री दोनच्या आधी पाठ टेकली नाहीये गं," ती म्हणाली. "ऑफिसचं काम संपवायचंय, घर आवरायचंय, याला फोन, त्याला फोन. पाचच मिनिटं आडवी होते. मग काय ते खेळ खेळू."

ती आडवी झाली आणि मास्तरणीने चहाचं पाणी चढवेपर्यंत घोरायला लागली.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. "उठवू?" मास्तरीण कुजबुजली. मुंगीने हात पुढे केला, तुरतुरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि हात मागे घेतला. केवढ्या खटपटीने मिळालेले तीन तास, आणि हे असे वाहून चाललेले. पण उठवायचा धीर होईना.

मास्तरणीने पिशवीतून तपासायच्या वह्या काढल्या. मुंगी आपल्या कॉटवर भिंतीला टेकून बसली. खिडकीतलं ऊन फरशीवर हळूहळू सरकत होतं. खाली कुणीतरी नळावर बादली भरत होतं. कधी काळी रविवारची दुपार अशीच असायची. एक झोपलेली, एक वाचणारी, एक नुसतीच बसलेली, आणि बोलायची कुणाला गरज नसायची.

"चहा कशावर केलात?"

दोघी दचकून उभ्या राहिल्या. रेक्टरबाई थेट खोलीत येऊन ठेपल्या होत्या. आधी काहीच ऐकू आलं नव्हतं. किटली टेबलावर ऐटीत वाफा सोडत होती.

मुंगीने जीभ चावली. तिच्याच हातच्या कामाने तिचा घात केला होता. या हॉस्टेलातल्या साऱ्या मुलींचा आता असाच घात होणार, हे तिच्या लक्षात आलं आणि हसू आवरेना. बाईंनाही ते उमगलं असावं. त्यांनी किटलीकडे पाहिलं, झोपलेल्या मुलीकडे पाहिलं, दार हलकेच लोटलं आणि मास्तरणीच्या कॉटवर बसल्या. "मलाही अर्धा कप."

चहा पिताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हीच ना ती, भूक फार लागायची ती? एक ताट आणि दोन चमचे धुवायला टाकायची. मेसवाल्या मावशी तक्रार घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, वाढा तिला, वाढत्या वयाची आहे." त्या कपाकडे बघत राहिल्या. "चोविसाव्या वर्षी."

मुंगीने बाईंच्या कपात उरलेला चहा ओतला.

तुरतुरी जागी झाली तेव्हा पावणेसहा वाजले होते. ती ताडकन उठून बसली, घड्याळ पाहिलं आणि दोघींवर उशी फेकली. "मला झोपू दिलंत? अक्कल कुठे गेली होती तुमची?"

"तुझ्या शेजारीच झोपली होती," मास्तरीण म्हणाली.

मग घाईघाईने केक कापला, अंडी सोलली. तिघी एकाच वेळी बोलू लागल्या. मुंगीने विचारलं, "तळ्यावर मजा आली?"

"आली," तुरतुरी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तळं फार सुंदर होतं. सगळ्यांनी हौसेने केलं. पण पाण्यात पाय सोडून बसले आणि शेजारी बघितलं, तर तू नव्हतीस. तुझा इतका राग आला ना, की सांगता सोय नाही."

"मलाही आला होता. स्वतःचाच," मुंगी म्हणाली.

तुरतुरीने हातातलं द्राक्ष खाल्लं नाही, नुसतं फिरवत राहिली. "मला भीती वाटतेय," ती एकदम म्हणाली. "तो चांगला आहे. घर चांगलं आहे. पण तिकडे नव्या गावात मी कुणाच्या ओळखीची नाही. हे कुणाला सांगायचं? घरी सांगितलं तर आई रडेल, ऑफिसात सांगितलं तर हसतील."

मुंगी उठून तिच्या कॉटवर जाऊन बसली, मास्तरीण दुसऱ्या बाजूला. एका कॉटवर तिघी बसल्या तसा तो पूर्वीसारखाच कुरकुरला. तोडगा कुणाकडेच नव्हता. तुरतुरी बोलत गेली आणि त्या दोघी ऐकत गेल्या. सहा वाजून गेले, साडेसहा झाले, बाई वर आल्या नाहीत.

लग्न ठरल्या दिवशी व्यवस्थित पार पडलं. तुरतुरी दूरच्या गावी गेली. पहिले काही महिने रोज रडत फोन यायचा, मग आठवड्याला, आणि मग हसत हसत. मुंगीने पुढच्याच महिन्यात चष्मा केला.

त्या दुपारचा एकही फोटो कुणी काढला नाही. केक कसा होता, कुठल्या गोष्टीवर एवढ्या हसल्या, हे आता मुंगीला धड सांगता येत नाही. चिठ्ठ्यांचे खेळ तर पिशवीतच राहिले. पण कधी रविवारी दुपारी हातातलं आवरून घरी भिंतीला टेकून बसली, की तिला ते अडीच तास जसेच्या तसे आठवतात. मास्तरणीच्या लाल पेनाची खरखर, फरशीवरचं ऊन, आणि खिडकीखाली, तोंड किंचित उघडं टाकून, निर्धास्त झोपलेली तुरतुरी.