पेढ्यांची घाई

"माय, उपग्रह त्याच्या जागेवर बसला असं मी स्वतः सांगेपर्यंत कुणाच्या हातावर पेढा ठेवू नको."

दिवाळीला आलेल्या नंदानं बजावलं होतं. विमानांना, जहाजांना वाट दाखवणारा उपग्रह. त्याच्या इंजिनाचं काम तिच्याकडं. रॉकेट उडालं म्हणजे निम्मंच झालं, पुढं कितीक दिवस इंजिन पेटवून त्याला वर वर चढवावं लागतं, हे तिनं ताटाच्या कडेनं लिंबू फिरवून समजावलं होतं. कौसल्याबाईंनी तेव्हापासून देवीला नवस बोलून मीठ सोडलं.

पण पिंपळगाव रेणुकाईत धीर कुणाला? टीव्हीवर धूर दिसला अन् दीर तातेरावांनी बँड बोलावला. पोरीला बाहेर शिकायला धाडलं म्हणून ज्यांनी वर्षभर अबोला धरला, तेच फेटा बांधून देवळाच्या पायऱ्यांवर 'आमची नंदा' करत पेढे वाटत होते.

"वहिनी, ओटी भरा देवीची. नवस फिटला."

"न्हाई फिटला, भाऊजी. अजून बसायचाय तो."

"बघा, वहिनीबी सायंटिस झाल्या!" लोक खदखदले.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. इंजिन पेटलं नव्हतं, उपग्रह खालीच अडकला होता. कौसल्याबाई देवळातून परतत होत्या, तेव्हा चहाच्या टपरीवर तातेराव सांगत होते, "बाईच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हणार? त्यात मायनं ओटी भरली न्हाई. कोपली देवी."

कौसल्याबाई थांबल्या. या बाईनं चारचौघांत कुणाला सुनावल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं.

"परवा ती तुमची नंदा व्हती, भाऊजी. आज नुसती बाई झाली? अन् देवी काय तुमची सालदार हाय, तुम्ही सांगाल त्याच्यावर कोपायला?" आवाज चढला नव्हता. "माझ्या लेकीचं नाव तुमच्या तोंडात पुन्हा नको. चांगल्यालाबी नको."

पूजेचं तबक सावरत त्या घराकडं निघाल्या.

संध्याकाळी गावातल्या एसटीडी बूथवर नंदाचा फोन आला. "सोमवारी परत पेटवून बघणारेत, माय. सगळे माझ्याच तोंडाकडं बघून राह्यलेत. घास उतरत न्हाई."

"येते मी."

"तू? तू तर जालन्याच्या पुढं कधी गेली न्हाईस!"

"येते म्हणलं ना."

सकाळी पूजा उरकून त्यांनी देवघरातला दिवा तेवत ठेवायला तेल शेजारच्या पुष्पाबाईकडं दिलं. अळणी भाकरी फडक्यात बांधली. टपरीवर तातेराव बसलेले होते. त्यांच्यासमोरून, पदर सावरत, कौसल्याबाई भोकरदनच्या जीपकडं चालू लागल्या.