काचेच्या तळाची पेटी

मित्रांनो, ज्या वर्षी नावाड्याच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मला झाकण नाही, आणि तळाला फळीऐवजी काच आहे. पेटी म्हणवून घेते खरी, पण माझ्यात कधी कुणी काही ठेवले नाही. मला होडीच्या कडेला पाण्यावर टेकवायचे, वरून डोके आत घालायचे आणि समुद्राचा तळ बघायचा, एवढेच माझे काम.

आमचे बेट अगदी लहान. नावाड्याचे घर, त्याला जोडून पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या, आणि समोर उथळ पाण्यात प्रवाळांची लांब रांग. दूरच्या शहरांत बर्फ पडू लागला की तिकडची माणसे ऊब शोधत इकडे येत. आल्याबरोबर जाड कोट खुंटीला टांगत आणि परत जाईपर्यंत त्या कोटांकडे ढुंकूनही बघत नसत.

त्यांत एक जोडपे दर हिवाळ्यात येई. नवरा घड्याळजी, बायको शिंपीण. घड्याळजी इथे आला की पाण्याखाली बघायचा चष्मा चढवून दिवसभर प्रवाळांवर पालथा तरंगत असे. शिंपीणबाईंना मात्र पाण्याची धास्ती. होडीत बसत, पण समुद्राकडे पाठ करून, मांडीवर विणकाम घेऊन.

"बाई, समुद्र पलीकडे आहे," नावाडी एकदा म्हणाला.

"असू दे की. मी कुठे त्याला हाक मारली?" बाई म्हणाल्या.

घड्याळजी वर आला की पाहिलेले मासे सांगू लागे, आणि तिथेच वादाला तोंड फुटे. मासा निळा होता म्हटले की बाई विचारत, निळा म्हणजे कुठला, मोरपंखी की अस्मानी? बिचाऱ्याला सांगता येत नसे. ज्यांचे आयुष्य कापडांचे रंग पारखण्यात गेले, त्यांना नुसत्या 'निळा' शब्दाने काय होणार? रोज तेच ऐकून नावाड्याचे कान किटले, आणि त्यातून मी घडले.

लग्नात जेवणाच्या बाकांसाठी आणलेल्या फळ्या उरल्या होत्या. काच एका मोडक्या खिडकीची. नावाड्याने फळ्यांना रंधा मारला, त्या जोडल्या, काच बसवली आणि कडांना वितळलेली राळ भरली. त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, की लग्नात बाके डुगडुगत होती तेव्हा हे सुतारकाम कुठे गेले होते? त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भीत भीत माझ्यात डोके घातले. मांडीवरचे विणकाम घसरून होडीतल्या पाण्यात पडले, त्याचेही त्यांना भान नव्हते. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "हा रंग मी जन्मात शिवलेला नाही."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पाहुणे माझ्यासाठी रांग लावत, पण पहिला मान शिंपीणबाईंचा. खाली पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडत, त्याची कुरकुर माझ्या फळ्यांना ऐकू येई.

पुढे दिवस पालटले. मोटरच्या होड्या आल्या. नावाड्याचा खांदा आखडला. बाई आणि घड्याळजी यांचे येणेही थांबले. खोल्यांचा कारभार सूनबाईकडे आला. ती समुद्रापासून लांबच्या गावची, कष्टाळू आणि मायाळू. अडगळीत पडलेली मी तिला दिसले. तिने मला साबणाने धुतले, व्हार्निश लावले आणि जेवणाच्या खोलीत भिंतीवर टांगले. रोज फडक्याने पुसायची. जेवताना पाहुणे माझे कौतुक करत. पण माझ्या काचेतून आता फक्त भिंत दिसत होती.

मग एका हिवाळ्यात शिंपीणबाई एकट्याच आल्या. घड्याळजी आदल्या वर्षी वारला होता. बाईंची नजर मंदावत चालली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत रंग ओळखू येतील याची खात्री डॉक्टरांना नव्हती. म्हणून त्यांना प्रवाळ एकदा नीट बघून घ्यायचे होते, आणि डोके पाण्यात घालणे या वयात त्यांना जमणार नव्हते. त्यांची सारी भिस्त माझ्यावर होती.

मला भिंतीवरून उतरवले, पाण्यावर टेकवले, आणि साऱ्या सांध्यांतून पाणी आत शिरले. माझी बादली झाली. लाकूड ओले असले की फुगते आणि सांधे घट्ट बसतात. मी इतकी वर्षे कोरडी राहून आक्रसले होते.

सूनबाईचा चेहरा पडला. "मी रोज पुसत होते हो मामंजी," ती म्हणाली.

"म्हणून तर काच शाबूत आहे," नावाडी म्हणाला. "लाकूड तेवढं तहानलंय."

त्याने व्हार्निश खरवडले आणि मला दगडांखाली उथळ पाण्यात बुडवून ठेवले. रोज सकाळी तिघेही येऊन मला बघत. मी झिरपतच होते. बाईंच्या परतीचा दिवस जवळ येत चालला. निघायच्या आदल्या दिवशी एकाच कोपऱ्यात ओल उरली, तेव्हा नावाडी म्हणाला, चला. वल्ही सूनबाईने घेतली.

बाईंनी डोके आत घातले. नावाड्याने एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती.

"इथे सगळं पांढरं पडलंय," बाई म्हणाल्या.

"हो बाई. मागचे काही उन्हाळे पाणी फार तापलं."

"हं. पण कडेला जांभळं फुटतंय. वांग्याच्या सालीसारखं." आणि त्या पुन्हा पाहण्यात गढून गेल्या. पाणी हनुवटीला लागेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग डोके वर काढून त्यांनी माझ्यात साचलेले पाणी ओतून टाकले आणि सूनबाईला म्हणाल्या, "आता तू बघ."

"मला काय बघायचंय? मी तर इथेच राहते."

"मग बघितलंस कधी?"

सूनबाईने वल्ही ठेवली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. होडी प्रवाहाबरोबर वाहू लागली, तरी तिचे डोके वर येईना. शेवटी नावाड्याने आखडल्या खांद्यानेच होडी वळवली. तिला हाक मारली नाही.

आता मी भिंतीवर नसते, दारातल्या पिंपात पाण्यात असते. सूनबाई स्वतः पाहुण्यांना घेऊन जाते. मित्रांनो, एखादी वस्तू जपायची तर आधी तिला काय लागते ते विचारा, आणि तिच्याकडून काम घ्या. आणि कधी अशा बेटावर गेलात, तर प्रवाळांवर पाय देऊ नका. ते दगड नाहीत, जिवंत आहेत.

शिंपीणबाई पुढच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत वारल्या. नावाडी त्याच हिवाळ्यात, पाहुणे यायला लागले त्या आठवड्यात वारला.